सोलोत गिटार दिसत नाही

मंगळवारी सकाळी तू स्टुडिओचं शटर वर केलंस, आत गेलास आणि खुर्चीत बसलास. समोरच्या झेरॉक्सवाल्यानं वहिनीला फोन केला, वहिनीनं मला. मी इंदापुरात कॉलेजवर होते. एसटी बारामतीच्या स्टँडवर पोचली तेव्हा तू गेला होतास.

दादा, फोटोग्राफर मंडळींनी तुझी शोकसभा घेतली. सगळे चांगलं बोलले. बारामती-इंदापूर दोन्ही तालुक्यांत असं गाव नाही जिथं महेशरावांनी लग्न शूट केलं नाही, असं एकजण म्हणाले. मलाही बोलायला उठवलं. मी उठले, "माझा भाऊ" एवढं म्हणाले आणि खाली बसले. वर्गात तास तास बोलणारी ही बाई, लोकांना वाटलं असेल, दुःखानं सुचत नाही. तसं नव्हतं. माझ्या डोक्यात त्या वेळी आपलं भांडण चाललं होतं आणि ते शोकसभेत सांगण्यासारखं नव्हतं. म्हणून इथं लिहिते आहे. हळूहळू लिहीन. माझ्या हळूपणाची तुला सवय आहे.

भांडण 'लाईट आली'चं. निरवांगीच्या ओंकारच्या बँडचं ते गाणं, त्यातला गिटारचा सोलो, आणि त्या सोलोत पडद्यावर काय दाखवायचं. तू शूट केलेलं ते शेवटचं काम. बाकीचं गाणं जोडून तयार होतं, मधली तेवढी जागा ठरायची होती. ती ठरायच्या आत तू गेलास. मागे राहिलं तुझं फुटेज, वाट बघणारा बँड आणि मी.

ती पोरं तुझ्याकडे आली होती पुण्याच्या शूटिंगवाल्यांनी ऐनवेळी नकार दिला म्हणून. तू त्यांना चहा पाजलास, हो म्हणालास, आणि ती बाहेर पडल्यावर मला फोन केलास.

"वंदे, रॉक म्हंजे नेमकं काय असतं गं?"

मी सांगितलं, इलेक्ट्रिक गिटार असते, ड्रम असतो, आवाज खूप मोठा असतो.

"म्हंजे वरातच की."

"वरात नाही रे. लोक जागेवर थांबून ऐकतात."

"मग थांबलेली वरात," म्हणून तू खूष झालास.

मला पेपर तपासायचे होते, मी त्यांच्या कार्यक्रमाला बारामतीला येणार नव्हते. म्हणून फोनवरच तुला शिकवायला बसले. गाणारा गात असेल तेव्हा त्याच्यावर राहायचं. तालावर झूम मागं-पुढं करायची तुझी खोड आहे, ती करायची नाही. आणि मधे एक सोलो येईल. गाणं थांबतं आणि गिटार एकटी वाजते. तेव्हा कॅमेरा ओंकारच्या बोटांवरून हलवायचा नाही.

"अजून काय?"

"बस, एवढंच."

"मग मी कशाला जातोय? ट्रायपॉडच पाठवून देतो."

"दादा, ऐक ना. सोलोत बोटं. लक्षात ठेव."

"बरं," म्हणालास तू. तुझं बरं मी जन्मापासून ओळखते. ते संभाषण संपवण्यासाठी असायचं, कबूल करण्यासाठी नाही.

कार्यक्रम झाल्यावर दोन दिवसांनी एसटीच्या कंडक्टरनं तुझा स्टीलचा डबा आणून दिला. आपलं हे पहिल्यापासूनचं. तू बारामतीत शूट करायचं, हार्ड डिस्क नॅपकिनात गुंडाळून डब्यात घालायची, ओळखीच्या कंडक्टरकडे द्यायची, मी इंदापूरच्या स्टँडवर उतरवून घ्यायची. वरच्या पुडात वहिनीचा चिवडा नाहीतर शेंगदाण्याची चटणी. कुरिअरवर तुझा विश्वास नव्हता. "लोकांची लग्नं हायत त्यात. डबा कोन चोरतंय?" आमच्या कॉलेजातल्या मॅडम विचारायच्या, तुमच्या भावाकडून अजून डबा येतो? मी हो म्हणायचे.

तर त्या संध्याकाळी मी नव्हते, आणि जे बघितलं ते तुझ्या डोळ्यांनी बघितलं. बारामतीतलं मैदान, पांढऱ्या कापडाच्या खुर्च्या, पुढे पाहुण्यांसाठी सोफे. सुरुवातीला सत्कार. नारळ, शाल, फेटा, पुन्हा नारळ, शाल, फेटा. मागे स्टेजवर ड्रमवाला अक्षय हातात काड्या धरून बसला आहे, आणि तू प्रत्येक सत्काराला एकदा त्याच्या तोंडावर कॅमेरा नेला आहेस. शेवटच्या शालीपर्यंत त्या पोराचा चेहरा असा होत जातो की मी एकटी बसून मोठ्यानं हसले. व्हिडिओत ते घ्यायचं नव्हतं. तू ते माझ्यासाठी काढलं होतंस, हे मला माहीत आहे.

मग 'लाईट आली' सुरू झालं. रानातल्या मोटारीला वीज कधी येते आणि घरातले सगळे कसे पळतात, त्याचं गाणं. गाणारा नुसता ओरडतो, पण छान ओरडतो. दुसरं कडवं संपतं, ड्रम एकदम थांबतो, ओंकार पुढं येतो, गिटारवर पहिला सूर लागतो. आणि तुझा कॅमेरा स्टेज सोडून सरळ खुर्च्यांकडे वळतो. तिथं ओंकारचे वडील, आबा. मोठा स्पीकर बाजूलाच, म्हणून दोन्ही कानांवरून घट्ट मफलर गुंडाळलेला. तू त्यांच्यावर थांबलास तो थांबलासच.

मी दुसरा कॅमेरा उघडला. तो तू मागं, साउंडच्या मिक्सरपाशी ट्रायपॉडवर एकटा सोडला होतास. त्यात सोलोच्या ऐन वेळी कुणी सत्कारमूर्ती उठून उभे राहिलेले आहेत आणि सगळ्या स्टेजच्या जागी एक केशरी फेटा आहे. सोलो संपेपर्यंत फेटाच.

मी तुला फोन लावला.

"दादा, सोलोत गिटार कुठाय?"

"हाय की. ऐकू येत न्हाय का?"

"दिसत नाही."

"आबा दिसत्यात का?"

"आबा दिसतात."

"मग झालं तर."

मी म्हणाले, तुला 'सावधान' ऐकू आलं वाटतं.

हे आपल्या दोघांनाच कळण्यासारखं होतं, म्हणून इथं उलगडून सांगते. आपल्याकडे लग्नात शेवटच्या मंगलाष्टकेला 'सावधान' म्हणतात, अंतरपाट निघतो, आणि त्या क्षणी इतर सगळे कॅमेरे नवरा-नवरीवर असतात. तू मात्र मांडवाकडे वळायचास. अक्षता टाकणारी माणसं, खुर्चीवर उभी राहून टाकणारी, अक्षता संपल्यावर नुसते हात हलवणारी, शेजारणीच्या डोक्यावर टाकून हसणारी. सुरुवातीला मी चिडायचे. तू सांगायचास, "हार परत घालाय लावता येतो. आपन लावतोच की, जरा हिकडं बघा, परत घाला म्हनून. अक्षता परत पडत न्हाईत." पिंपळीच्या एका लग्नात मी तुझे ते शॉट काढून टाकले होते, तर नवरीचे मामा स्टुडिओत येऊन बसले. मी लग्नाला आलोच नव्हतो का, एवढंच विचारत राहिले. तू त्यांना पुन्हा आत घेतलंस, व्हिडिओत आणि चहाला. ते गेल्यावर मला म्हणालास, "नवरा-नवरीला म्हाईत असतं गं त्यांचं लगीन झालंय. व्हिडिओ आलेल्यांसाठी असतो."

पण रॉकचा कार्यक्रम म्हणजे लग्न नव्हे, असं माझं म्हणणं होतं. मी म्हणत होते, तू सवयीनं वळलास. तू म्हणत होतास, बघून वळलो. हे आपलं शेवटपर्यंत मिटलं नाही.

मी माझ्या पद्धतीनं गाणं जोडलं. तुला माझ्या कामाला एडिटिंग म्हणायला आवडायचं नाही, तू 'कापाकापी' म्हणायचास. ड्रमच्या ठोक्यावर कट घेतले. एकेक शॉट ठोक्याइतकाच लांब. जो पोरगा बास गिटार वाजवतो तो सबंध कार्यक्रमभर विजेच्या खांबासारखा उभा आहे, पण त्याचा हात, मान, बूट, पुन्हा हात असे तुकडे लावले की तो नाचतो आहे असं वाटतं. मिक्सरवरून घेतलेला आवाज स्वच्छ होता, पण बंद खोलीत वाजवल्यासारखा, माणसांशिवाय. म्हणून तुझ्या कॅमेऱ्यातला मैदानाचा गलका त्याच्याखाली अंथरला. पहिल्या गाण्याला लोक जास्त ओरडले होते, ते ओरडणं उचलून 'लाईट आली'च्या शेवटी आणलं. ते घेऊन मी बारामतीला घरी आले. तू पहिल्यांदा बघितलंस तेव्हा पडद्याच्या अगदी जवळ खुर्ची ओढून बसला होतास.

"पोरं लय भारी झाली की गं," म्हणालास. मग जरा थांबून, "तितं एवढी न्हवती."

मला ते कौतुक वाटलं. अर्धं होतंच. पुढचं अर्धं काय होतं ते मी विचारलं नाही, कारण लगेच तू म्हणालास की दोन शॉटच्या मधे गुलाबाच्या पाकळ्या पडताना टाकल्या तर कसं दिसेल. मी म्हणाले, दादा, हे रॉक आहे. "मग झेंडूच्या टाक," म्हणालास. वहिनी आतून हसली.

सोलोपाशी मात्र तू उठून उभा राहिलास. मी तिथं ओंकारची बोटं लावली होती, त्याच्याच दुसऱ्या गाण्यातली. आणि मधे क्षणभर आबांचा चेहरा, तुझं मन राखायला, मोठा करून.

"ही बोटं हितली न्हाईत."

"त्याच माणसाची आहेत. त्याच संध्याकाळची. कुणाला कळतंय?"

"ती दुसरं गानं वाजवत्यात, वंदे."

तू त्यावर उपाय काढलास तो ऐकून मी हात टेकले. ओंकारला स्टुडिओत बोलवू, तोच शर्ट घालून ये म्हणू, हाच सोलो परत वाजवायला लावू आणि बोटं काढून घेऊ. लग्नात हार परत घालायला लावतो तसं. मी म्हणाले, हे खोटं आहे, ती संध्याकाळ गेली. तू म्हणालास, तुझं खोटं हाय, गाणंच दुसरं. मी म्हणाले, माझी बोटं निदान त्या स्टेजवर होती. तू म्हणालास, माझी बोटं निदान तेच गाणं वाजवतील. मग तुझं नेहमीचं, "ओंकार उद्या परत वाजवंल गं. आबा परत कान उघडनार हाईत का?"

कारण तुझ्या शॉटमधे तेच होतं. सोलो वाजत असताना आबा मफलर एका कानावरून खाली ओढतात, थोड्या वेळानं दुसऱ्यावरून. मुलाचं वाजवणं ऐकायला बापानं कान मोकळे केले, असं तुला दिसलं होतं. मलाही तसंच दिसलं होतं. मी फक्त म्हणत होते की लोक गाणं बघायला येणार, आबांना बघायला नाही.

वहिनी चहा घेऊन आली आणि निवलेला परत घेऊन गेली. "तुमी दोघं कापा एकमेकांना," म्हणाली, "मी परत करून आनत न्हाय."

शेवटी मी थकले. ओंकारला तू फोन केलास, रविवार ठरला, शर्टाचं सांगितलंस. मला स्टँडवर सोडायला आलास तेव्हा जिंकल्यासारखा चालत होतास. मी एसटीच्या खिडकीतून म्हणाले, "सोलो घेताना तरी बोटांवर राहा." तू म्हणालास, "बरं." तो रविवार यायच्या आधी मंगळवार आला.

त्यानंतर मी बरेच दिवस संगणक उघडला नाही. उघडला की तू ऐकू येतोस. कॅमेऱ्याच्या आवाजात सगळीकडे तू आहेस. "सरका ओ जरा", "ताई, पदर घ्या, लेन्सवर येतोय", "बाळा, कॅमेऱ्याकडं न्हाय, स्टेजकडं बघ." वर्षानुवर्षं मी हे पुसत आले. लग्नाच्या व्हिडिओत शूटिंगवाल्याचा आवाज येऊ द्यायचा नसतो. लोकांच्या लग्नांतून तुला नीट पुसणं हेच माझं काम होतं, आणि तू मला त्यासाठी व्हिडिओच्या शेवटी 'संकलन' म्हणून नाव द्यायचास. लग्नाच्या व्हिडिओत कोण संकलन लिहितं? लोक हसायचे. तू लिहायचास. मी लहान असताना तू मला सायकलवर बसवून इंदापुरात वाचनालयात न्यायचास. मी पुस्तक निवडायला फार वेळ लावायचे. तू एकदाही आत आला नाहीस, एकदाही चल म्हणाला नाहीस. सायकलवर बसून येणारी-जाणारी माणसं बघायचास. परत येताना मी तुला कधी पुस्तकातलं सांगितलं असेल ते आठवत नाही, पण तू मला कोण कुठल्या पिशवीत काय घेऊन गेलं ते सांगायचास. मला वाटतं, आपली दोघांची कामं तिथंच ठरली.

अक्षयचा फोन आला. त्याला विचारायचं होतं आणि विचारवत नव्हतं. "ताई, घाई न्हाय. आमी थांबतो. फक्त ते... दुसऱ्या कुनाला द्यायचं का, एवढंच." मी म्हणाले, दुसऱ्या कुणाला नाही. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की मी हो म्हणून बसले आहे. आता मी माझी बोटं लावली, तर तू नाहीस म्हणून लावली असं होणार. तुझे आबा ठेवले, तर तू गेलास म्हणून ठेवले असं होणार. तुला भिंतीवर फोटो लावून मान दिलेला चालला नसता. जिवंतपणी जिंकायचं होतं तुला, आणि रविवार ठरला तेव्हा तू जिंकलाही होतास.

मग ओंकार आबांना घेऊन आला. निरवांगीहून मोटरसायकलवर, वहिनीला भेटायला. आबा आले, भिंतीकडेच्या खुर्चीत बसले. पुडक्यात डाळिंबं आणली होती ती वहिनीच्या हातात दिली. मग म्हणाले, "माझ्याकडं एकदाच बघितलं त्यांनी. कॅमेऱ्यातनं. मी म्हनलं, ह्यो मानूस पोराला सोडून मला कशाला काढतोय? माझं काय चुकलं का?"

ओंकार खाली बघत हसला. वहिनीही हसली, तू गेल्यापासून पहिल्यांदा.

मी म्हणाले, "आबा, तुम्ही कानावरचा मफलर काढलात ना, ओंकारचं ऐकायला. ते दिसलं त्यांना."

"ओंकारचं?" आबा म्हणाले. "न्हाय बाई. त्याचं काय ऐकायचं, त्ये तर मफलरातनंबी डोसक्यात शिरत होतं. शेजारी एक गडी बसला होता, वरकुट्याचा. त्यो काय म्हनतोय त्ये कळंना, म्हनून वढला मफलर."

"काय म्हणत होता?"

आबांनी ओंकारकडे बघितलं नाही. "म्हनत होता, पोरगं तुमचंच का."

"मग?"

"मग काय. व्हय म्हनलं."

दादा, मी त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी कॉलेज सुटल्यावर डबा उघडला, डिस्क लावली आणि तुझा मूळ शॉट काढला. मी तो कधी पूर्ण चौकटीत नीट बघितलाच नव्हता. आबांचा चेहरा मोठा दिसावा म्हणून मी चौकट आवळली होती आणि शेजारचा माणूस बाहेर गेला होता. तो आहे, दादा. टोपीवाला, हातात शेंगांचा कागद. सोलो सुरू होतो तेव्हा तो स्टेजकडे बघतो, मग आबांकडे, मग वाकून काहीतरी विचारतो. आबा मान हलवतात, कळलं नाही म्हणून. तो पुन्हा विचारतो. आबा मफलर ओढतात, कान त्याच्या तोंडाशी नेतात, ऐकतात. एकदा मान खाली करतात. व्हय. मग पुढं बघतात, आणि मग, कुणी काही विचारत नसताना, दुसऱ्या कानावरचा मफलरही खाली ओढतात.

तू दोन माणसं काढली होतीस. मी त्यातला एक कापला आणि मग म्हणत राहिले की या शॉटचा सोलोशी काय संबंध. पण तुलाही ते ऐकू गेलेलं असणं शक्य नाही, इतक्या आवाजात. तू लांब उभा होतास. तुलाही वाटलं होतं की बापानं मुलासाठी कान मोकळे केले. पहिला कान तर शेजाऱ्यासाठी होता. दुसरा कुणासाठी, ते आबांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

तू बघून वळलास की सवयीनं, हे मला अजून माहीत नाही. मी तो शॉट मागं-पुढं करून खूप बघितला. कॅमेरा झटक्यात वळतो, मांडवाकडे वळायचा तसाच. पण वळल्यावर तू भटकला नाहीस, इतर खुर्च्यांवरून फिरला नाहीस. त्या दोघांवर थांबलास. दोन्ही बाजूंचं म्हणणं मी तुझ्या वतीनं आणि माझ्या वतीनं मांडून बघितलं. तुझ्या वतीनं मला नीट भांडता येत नाही. मधे झेंडू कोण काढणार?

मी ओंकारची बोटं काढून टाकली, दुसऱ्या गाण्यातली. त्याला पुन्हा वाजवायला बोलावलं नाही. सोलोच्या जागी तुझा शॉट ठेवला, तू घेतलास त्या चौकटीत, मधे एकही कट नाही. आणि एक गंमत झाली. आजूबाजूचं सगळं गाणं माझ्या कटांनी पळत असतं, ठोक्याला एक शॉट, आणि तिथं येऊन एकदम दोन माणसं नुसती बसलेली दिसतात. तेव्हा गिटार जास्त ऐकू येते. ती दिसत असताना एवढी ऐकू येत नव्हती. हे तुझ्यामुळे झालं असं मी म्हणणार नाही, माझ्या कापाकापीशिवाय तुझा शॉट नुसता लांब वाटला असता. हे तुला सांगायला मला फार आवडलं असतं. तू मान्य केलं नसतंस.

गाणं सुरू होण्याआधीचं तुझं एक "सरका ओ जरा" मी पुसलेलं नाही.

पोरांना स्टुडिओत बोलावून दाखवलं. सोलो आला तसा अक्षय खुर्चीत पुढं सरकला.

"ताई, गिटारच दिसत न्हाय. आख्ख्या सोलोत. लोक शिव्या घालतील की आमाला."

"घालतील," मी म्हणाले.

"आमाला आधी पाठवलं होतं त्यात बोटं होती ना?"

"ती दुसऱ्या गाण्यातली होती."

"व्हय?" अक्षय ओंकारकडे वळला. "तुला कळलं होतं का रं?"

ओंकार पडद्याकडेच बघत होता. त्याला कळलं होतंच. त्यानं मला पुन्हा लावायला सांगितलं. मी लावलं. शेजारचा माणूस वाकून विचारतो तिथं तो म्हणाला, "हितं?" मी म्हणाले, हो. पूर्ण झाल्यावर अक्षयनं विचारलं, "मग काय करायचं?"

"र्‍हाऊ दे," ओंकार म्हणाला.

"आरं पन गिटार..."

"गिटार वाजतीया की. र्‍हाऊ दे."

व्हिडिओ त्यांनी त्यांच्या चॅनेलवर टाकला आहे. काही लोकांनी विचारलंय की सोलोत कॅमेरामन झोपला होता का. वहिनीनं मला ते वाचून दाखवलं आणि म्हणाली, ह्यांनी एकेकाला फोन करून समजावलं असतं. शेवटी छायाचित्रण म्हणून तुझं नाव आहे, त्याखाली संकलन म्हणून माझं.

तुझा शॉट मी शेवटपर्यंत ठेवलेला नाही, दादा. आबांचा दुसरा कान मोकळा होतो, सोलोचा शेवटचा सूर वाजतो आणि मी स्टेजवर जाते. कट लवकर झाला असं तू म्हणाला असतास. मला वाटतं बरोबर झाला. आता यावर भांडण होणार नाही.

डिस्कवर तो पूर्ण आहे. त्यात पुढं शेजारचा माणूस आबांसमोर शेंगांचा कागद धरतो, आबा दोन शेंगा घेतात, आणि मग तू सावकाश कॅमेरा स्टेजकडे नेतोस. तोवर सोलो संपलेला असतो.